बर्फाच्या पेटीत बसून गोंदियाला

"बाई, दार उघडा वो. वारा येऊ द्या थोडा," पारबता म्हणाली.

दार बाहेरून लागलेलं होतं. तिला ते माहीत होतं, तरी म्हणत होती. वंदना तराजूचं लोखंडी वजन घेऊन दारावर मारत होती. पत्र्याच्या मागे जाड थर्माकोल, त्यामुळे आवाज आतल्या आत जिरत होता. बाहेर ट्रकांचे भोंगे वाजत होते. अंधार असा की माझाच हात मला दिसत नव्हता. पायाखाली बर्फाचं पाणी, पाठीला माशांचे क्रेट, आणि छातीवर कोणी धानाचं पोतं ठेवल्यासारखं झालेलं. श्वास घेत होते, पण घेतल्यासारखा वाटत नव्हता.

"मामी, बोलू नका. बोलल्यानं दम लागते," वंदना सासूला म्हणाली.

"मंग काय करू, भजन म्हणू?" पारबता म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आजवर मासोळ्या आपल्या टोपल्यात मेल्या. आता आपण त्याइच्या पेटीत मरून राहिलो."

आम्ही तिघी होतो. मी, माझी धाकटी जाऊ पारबता आणि तिची सून वंदना. पेटी मासे न्यायची. मालाच्या छोट्या टेम्पोच्या मागे बसवलेली, चारी बाजूंनी बंद, म्हणजे बर्फ लवकर वितळू नये. माणसांनी बसायची ती जागा नव्हे. आम्ही का बसलो होतो, ते सांगते.

जिल्ह्यावर अंक काढणाऱ्यांनी मला 'जिल्ह्यातील दळणवळण आणि व्यापार' यावर लिहायला सांगितलं आहे. मी चौथी शिकले. माझा जन्म नवेगाव बांधाकडचे मासे गोंदियाच्या बाजारात विकण्यात गेला. दळणवळणाचं मला एवढंच समजतं की मासा सडायच्या आत बाजारात पोचला तर ते आहे, आणि नाही पोचला तर नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे पुरुष पहाटे तलावात जाळी टाकतात. उजाडता उजाडता मासे काठावर येतात. तिथून पुढचं काम बायांचं. मोठा मासा वेगळा, बारीक वेगळा, झिंगे वेगळे. बर्फाची लादी पोत्यात घालून लाकडाने कुटायची. टोपल्यात खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, वर बर्फ, वर मासे, पुन्हा बर्फ, वरून ओला बारदाना. बारदाना चारी बाजूंनी असा खोचायचा की बोटभर फट राहता कामा नये. बर्फाला वारा लागला की बर्फ गेला, आणि बर्फ गेला की मासा गेला. माझ्या सासूने लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मला पहिली शिवी दिली ती या फटीवरून. मी तीच शिवी पुढे पारबताला दिली, आणि पारबताने वंदनाला. हा आमच्या हाताचा गुण झाला होता. कुठे फट दिसली की हात आपोआप तिकडे जायचा.

बाजारात गिऱ्हाईक आधी माशाचा कल्ला उघडून बघतं. लाल असला तर भाव करतं, नाहीतर नाक मुरडून पुढे जातं. गोंदियाचं गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. रेल्वेत नोकरीला असलेले एक बंगाली बाबू होते. ते मासा हातात घेऊन त्याच्या डोळ्यात असे बघायचे, जसं काही त्याला ओळखतात. राईस मिलमधला एक मुनीम होता, घर शाकाहारी. तो टोपल्याकडे न बघता उभा राहायचा आणि आकाशाकडे बघून म्हणायचा, "बाई, आधा किलो रोहू. और मेरे घर के सामने आवाज मत लगाना." मासा वर्तमानपत्रात बांधून मिलच्या चौकीदाराकडे ठेवावा लागे. तिथेच शिजायचा, तिथेच खायचा. पारबता एकदा मुद्दाम त्याच्या दारासमोरून ओरडत गेली, "मुनीमजी, झिंगे आले!" त्यानंतर तो महिनाभर आला नाही. मी तिला फार बोलले. ती म्हणाली, "येते तो. जिभेले कोनी बांधून ठेवते का?" आणि तो आलाच.

मासे विकण्यात आम्हाला कधी अडचण आली नाही. अडचण आली ती गोंदियाला पोचण्यात.

आधी लाल बस होती. बसच्या टपावर लोखंडी कठडा असायचा आणि मागे शिडी. टोपली वर चढवायची, दोरीने बांधायची, आणि आपण आत बसायचं. पाणी गळायचं ते काचेवरून खाली यायचं. खिडकीशी बसलेला माणूस शिव्या द्यायचा, पण गाडी चालायची. मग नव्या गाड्या आल्या. टप गुळगुळीत, शिडी नाही. कंडक्टर म्हणायचा, "बाई, ये मछली नीचे उतारो. पूरी गाडी में बास मारती." त्याचंही चुकत नव्हतं. शाळेची पोरं, नवऱ्या मुली, दवाखान्यात जाणारे म्हातारे, सगळे त्याच गाडीत. माशाचं पाणी कोणाला पायाखाली पाहिजे? पण मग आम्ही कुठे बसायचं? आम्ही विचारलं की तो शिट्टी वाजवायचा.

पॅसेंजर रेल्वे होती. तिला वास चालायचा. तिच्यात सगळ्यांचंच काहीतरी वास मारत असे. पण एकच रूळ. समोरून मालगाडी आली की पॅसेंजर बाजूला उभी. कोळशाची गाडी गेली की दुसरी कोळशाची. आम्ही दारात बसून डबे जाताना बघायचो, आणि आमच्या टोपल्यातून पाणी ठिबकत राहायचं. एकदा उन्हाळ्यात गाडी अशी उभी राहिली की गोंदियाला पोचेपर्यंत कटला माशाचं पोट फुगलं. स्टेशनाच्या बाहेर कुत्र्यांना टाकला. पारबता कुत्र्यांना म्हणाली, "खा बाप्पा. कोळसा खाता येत नाई न तुमाले." कोरोनात ती गाडीही बंद झाली. पुढे सुरू झाली, पण आमच्या वेळेला नाही. आमची वेळ म्हणजे सकाळ. दुपारी निघालेली गाडी माशाच्या काय कामाची?

मग जिल्ह्यातून मोठा रस्ता झाला. रुंद, काळा, मध्ये फुलझाडं लावलेली. कोहमाऱ्याच्या चौकात उभं राहिलं की डोळ्यांसमोरून नुसते ट्रक जातात, कोणी रायपूरला, कोणी नागपूरला. पुढारी येऊन म्हणाले की आता तुमचा माल कुठच्या कुठे जाईल. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण गोंदियाला जायचं तर रोजची गाडी तीच, आणि तिच्यात टोपलीला जागा नाही ती नाहीच.

बंडूने मालाचा छोटा टेम्पो घेतला तेव्हा आम्हाला वाटलं की आपलं भागलं. बंडू आमच्याच गावचा. त्याने मागे पेटी बसवून घेतली. चार-पाच घरचा माल एकत्र करून तो गोंदियाला न्यायचा. मालाबरोबर आम्हाला जावंच लागे, कारण विकणाऱ्या आम्ही. पुढे त्याच्या बाजूला एकीपुरती जागा. बाकीच्या मागे पेटीचं दार उघडं ठेवून उंबरठ्यावर पाय लोंबकळत सोडून बसायच्या. मालाच्या गाडीत माणसं न्यायची नाहीत, असा कायदा आहे. चांगला कायदा आहे. तो आमच्याच जिवासाठी आहे, हे मला साहेबांनी समजावून सांगितलेलं आहे.

कोहमाऱ्याला तपासणी असायची. म्हणून बंडूने युक्ती काढली. चौकाच्या आधी गाडी थांबवायची, आम्ही सगळ्यांनी आत सरकायचं, आणि तो दार लोटून घ्यायचा. पूर्ण लावायचा नाही. दार आणि चौकट यांच्या मध्ये लाकडाची खुट्टी द्यायचा आणि वरून दोरी बांधायचा. हाताएवढी फट राहायची, तिच्यातून वारा यायचा. चौक ओलांडला की पुन्हा थांबून दार उघडायचा.

पहिल्याच वेळी एका शिपायाने दार उघडायला लावलं. आत आम्ही बर्फाजवळ गुडघे जवळ घेऊन बसलेल्या. तो आमच्याकडे बघतच राहिला.

"हे बी इकाचे हायेत का बे?" त्याने बंडूला विचारलं.

"घ्या न साहेब," पारबता आतून म्हणाली. "ताजा माल हाये. कल्ला पाहा."

तो इतका हसला की त्याने दार स्वतःच लोटलं. पण पुढल्या वेळी साहेब दुसरा होता. त्याने गाडी दिवसभर उभी ठेवली. मासे आम्ही संध्याकाळी रस्त्याच्या खाली ओतले. मग मात्र आम्ही आत शहाण्यासारख्या गप्प बसायला शिकलो. बाहेर "डब्बे में क्या है?" ऐकू आलं की पदर तोंडात धरायचा. बंडू म्हणायचा, "मछली, साहेब." गाडी पुढे निघाली की पारबता म्हणायची, "मंग काय खोटं बोलला तो? मासोळीच त आहो आपन."

असं किती वेळा गेलो ते मोजलं नाही. सवय झाली होती. भीती वाटायची ती साहेबाची. पेटीची नाही वाटली.

तो दिवस लग्नसराईचा, उन्हाळ्यातला. गोंदियात एका घरी लग्नानंतरचं जेवण होतं. त्यांनी माल आधीच सांगून ठेवला होता. असा मोठा सौदा आम्हाला क्वचित मिळायचा. हा नीट पार पडला तर पुढे त्यांच्या नात्यातली दोन लग्नं होती. पारबता म्हणत होती, यातून वंदनासाठी बाजारात पक्का ओटा घेता येईल, पोरीला रस्त्यावर बसावं लागणार नाही. तिच्या मनात तेवढंच होतं. म्हणून पेटी गच्च भरली. क्रेटवर क्रेट, वरच्या पत्र्यापर्यंत. आमच्यासाठी दाराजवळ एक पट्टी उरली, तिच्यात तिघी एकमेकींना चिकटून. पुढच्या जागेवरही त्या दिवशी झिंग्यांचे डबे होते.

चौकाच्या आधी बंडूने नेहमीसारखी खुट्टी लावली, दोरी बांधली. "बसा वो मामी. आत्ता उघडतो," म्हणाला.

चौक ओलांडला. गाडी थांबली, पण बंडू मागे आला नाही. पत्र्यावर थाप मारून ओरडला, "समोरच्या ड्रायव्हरनं सांगतलं, गोरेगावकडे बी तपासणी हाये. बसूनच राहा!" आणि गाडी निघाली.

फटीतून ऊन आणि झळा आत यायला लागल्या. दाराजवळच्या क्रेटमधलं पाणी वाहायला लागलं, आमची लुगडी भिजली. पारबता अस्वस्थ झाली. "बर्फ जाते न वो हा. लग्नघरी काय पानी देऊ?" तिने हात बाहेर घातला, दोरी ढिली केली, खुट्टी आत ओढून घेतली आणि दार ओढलं. दार बसलं. फट गेली. पेटीत थंड वाटायला लागलं. कोणी तिला नको म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही केलं असं आम्हाला वाटलंच नाही. तिने नसती काढली तर मी काढली असती, नाहीतर वंदनाने. पुढे कुठेतरी गाडीने खड्ड्यात मार खाल्ला आणि बाहेरची कडी आपल्या वजनाने खाली पडून अडकली. खट्ट आवाज आम्ही ऐकला. तो कशाचा, ते तेव्हा समजलं नाही.

थंडाव्यात आम्हाला डुलकी लागली. उन्हाळ्यात एवढं थंड कधी मिळतं! जाग आली तेव्हा गाडी उभी होती, डोकं जड झालं होतं, आणि पारबता दारावर हात मारत होती. तिला दमा होता.

गाडी कुठे उभी होती हे मागून समजलं. गोंदियाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक आहे. ते बंद होतं. एक मालगाडी गेली, मग दुसरी यायची होती म्हणून उघडलं नाही. दोन्ही बाजूंनी गाड्या अशा लागल्या की सायकलला जागा नव्हती. आमच्या दारामागे ट्रकचं तोंड. बंडू फाटक कधी उघडतं ते बघायला पुढे गेला होता. त्याला काळजी नव्हती, कारण त्याच्या हिशोबाने आम्हाला हाताएवढी फट होती. वंदनाजवळ फोन होता. पत्र्याच्या पेटीत रेंज येत नव्हती. त्या फोनच्या उजेडात मी पारबताचं तोंड पाहिलं आणि वंदनाला म्हटलं, उजेड बंद कर.

शेवटचं लिहायला हात पुढे जात नाही, म्हणून मधलं आधी सांगून टाकते.

त्या दिवसानंतर आमच्या गावी बऱ्याच गाड्या आल्या. चांगल्या गाड्या, आत थंड हवा असलेल्या. एवढे साहेब एकत्र आमच्या गावात पहिल्यांदाच पोचले, आणि न चुकता वेळेवर पोचले. सगळ्यांनी विचारलं, "पेटीत कायले बसलात?" मी प्रत्येकाला बसचा टप, कोळशाची मालगाडी, सकाळची वेळ असं पहिल्यापासून सांगितलं. चौथ्या-पाचव्या साहेबाला सांगताना मी मध्येच थांबले, तर त्याच्याही लक्षात आलं नाही. मालाच्या गाडीत माणूस बसवणार नाही, असं सगळ्या गाडीवाल्यांकडून लिहून घेतलं. बंडूने गाडी विकली. तो माझ्या समोरून जात नाही, दुसऱ्या गल्लीने जातो. मी त्याला काही म्हटलेलं नाही.

बायांसाठी सकाळची वेगळी गाडी सोडू, मागे टोपल्यांना जागा ठेवू, असंही एका बैठकीत बोलणं झालं. चहा चांगला होता. गाडी आली नाही. मी दोनदा विचारायला गेले. दुसऱ्या वेळी तिथला माणूस म्हणाला, "आजी, तुमच्या इकडून प्रवासी किती, ते आधी बघावं लागते." मी म्हटलं, "गाडीच नाई त प्रवासी कुठून दिसतीन?" तो म्हणाला, "हाव, ते बी खरं हाये." आणि त्याने समोरची फाईल उघडली.

आता तलावाच्या काठावर व्यापाऱ्याची मोठी गाडी येते. ती सगळे मासे काठावरच घेते आणि मोठ्या रस्त्याला लागून नागपूरकडे जाते. सकाळी तलावात असलेला मासा दुपारी शहरात असतो, रस्ता खरंच तेवढा चांगला झाला आहे. मासे जातात, आम्ही जात नाही. भाव तो सांगतो. बाया कल्ला दाखवायला कोणाला जाणार? काही धानाच्या रोवण्याला जातात, काही तेंदूच्या दिवसांत पानं तोडतात, काही बसून आहेत. गोंदियाच्या बाजारात आमच्या रांगेत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. बंगाली बाबू आहेत की गेले, मला माहीत नाही. मी गोंदियाला जाते ती डोळ्यांच्या दवाखान्यात, बसने, रिकाम्या हाताने. कंडक्टर काही बोलत नाही.

आता राहिलेलं सांगते.

वंदना मारत राहिली. एक हात थकला की दुसऱ्या हाताने. मी पारबताचं डोकं मांडीवर घेतलं आणि लुगडं सैल केलं. बर्फाचा तुकडा तिच्या ओठाला लावला, तो तिने चोखला. म्हणाली, "बाई, ओट्याचं पाहाल." मी म्हटलं, "तू पाहाय. मले कायले सांगतेस?" तिचा श्वास घर्र घर्र येत होता, मग लांब लांब येऊ लागला. मीही गुंगीत जात होते. वजनाचा आवाज मला तलावाच्या पलीकडून आल्यासारखा वाटत होता.

फाटक उघडलं, गाडी थोडी पुढे सरकली, तेव्हा मागच्या ट्रकचा ड्रायव्हर, छत्तीसगडचा, त्याला ते ठोकणं ऐकू आलं. त्याने उडी मारली आणि ओरडला, "अरे रोक, तेरे डब्बे में कोई है!" कडी त्यानेच वर केली. दार उघडलं आणि ऊन आत आलं. वंदना दाराला टेकली होती, ती तशीच रस्त्यावर पडली, हातात वजन घेऊन. मला दोघांनी ओढून काढलं. मी तोंड उघडून वारा खात राहिले, मासा काठावर पडल्यावर करतो तसं.

बंडू धावत आला. "मी खुट्टी लावलती न वो मामी, खुट्टी लावलती," एवढंच म्हणत राहिला.

पारबताला त्यांनी सडकेवर निजवलं. कोणी पाणी मारलं, कोणी छाती दाबली, ट्रकच्या ड्रायव्हरने तोंडाने वारा दिला. ऑटो बोलावला, पण त्या गर्दीतून तो आत येऊ शकत नव्हता. चार माणसांनी तिला हातावर उचलून रूळ ओलांडून पलीकडे नेलं, आणि पलीकडच्या ऑटोत टाकलं. वंदना अनवाणी मागे धावत होती. दवाखान्यात डॉक्टरने हात लावून पाहिलं आणि सांगितलं, ही वाटेतच गेली.

त्या पेटीतून जिवंत निघालो ते मी आणि वंदना.